कोठा आणि कोठी

मूर्तिजापूरच्या शाळेत मी तेहेतीस वर्षे मराठी शिकवले. 'माझ्या मामाचे गाव' असा निबंध घातला की खेड्यावरून येणारी मुले हमखास लिहायची, "सकाळी उठून मी कोठा झाडतो." बदलून आलेले एखादे पुण्याकडचे गुरुजी असले की त्या 'को'वर लाल शाई पडायची आणि वर 'गो' लिहिला जायचा. गोठा! पाठ्यपुस्तकात गोठा, कवितेत गोठा, शब्दकोड्यातही गोठाच. माझ्या वर्गात मात्र मी तो शब्द तसाच राहू द्यायचे. मुले चुकत नव्हती, हे मला तेव्हाही वाटत होते. आता निवृत्तीनंतर सवडीने पाहिले तेव्हा खात्री झाली. आणि पाहता पाहता घरातलीच एक जुनी गोष्ट हाती लागली, म्हणून हे सगळे लिहायला बसले आहे. घरच्या मंडळींपैकी काहींना ते आवडणार नाही. पण लिहायला हवे.

आधी शब्दांचे बघू. गोठा आला संस्कृतातल्या 'गोष्ठ'वरून. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. कोठा आला 'कोष्ठ'वरून. कोष्ठ म्हणजे आत पोकळ असलेले, काही साठवता येईल असे काहीही. दोघांचे घराणे वेगळे. तेव्हा कोठा म्हणजे गोठ्याचा वऱ्हाडी अपभ्रंश, ही समजूत काही खरी नाही. कोठार हे कोष्ठागारावरून आले, कोठी ही कोठ्याची धाकटी बहीण, आणि कोठडी ही त्याहून धाकटी. गाडा-गाडी, लोटा-लोटी, डबा-डबी, तसेच कोठा-कोठी. आकारान्त मोठे, ईकारान्त लहान. व्याकरणाच्या तासाला हे मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल त्याला गणती नाही.

हे घराणे जुने आहे. उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ सोहगौरा येथे एक ताम्रपट सापडला, तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात दोन कोष्ठागारांचा उल्लेख आहे, अडीअडचणीच्या काळी वापरायच्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर कोष्ठागाराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे आणि त्याच्यासाठी एक अख्खा अध्याय. त्याने साठ्यातला अर्धा भाग प्रजेच्या संकटासाठी राखून ठेवायचा, उरलेला अर्धा वापरायचा, आणि जुन्याच्या जागी नवे भरत राहायचे. (आमच्या आजीने अर्थशास्त्राचे नावही ऐकले नव्हते, पण ती नेमके हेच करायची.) त्याच अध्यायात तेलतुपासाठी मातीचे आणि लाकडाचे 'कोष्ठ' सांगितले आहेत. म्हणजे खोलीही कोष्ठ आणि भांडेही कोष्ठ. घोळ तेव्हापासूनचा आहे म्हणा ना.

मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यात कोठा या एका शब्दाखाली केवढी गर्दी आहे! धान्याची मोठी खोली, पाण्याचा हौद, माणसाचे पोट, बंदुकीचा दारू ठासायचा भाग, पक्ष्याचे घरटे, हुंडीवर रक्कम लिहायचा चौकोन, आणि हो, गुरे बांधायची जागासुद्धा. पोटाचा अर्थ तर आपण रोज वापरतो. वैद्य विचारतात, कोठा साफ आहे ना? शाळेतले कोष्टकही याच कुळातले, म्हणजे आकडे ठेवायचे चौकोन.

एवढ्या अर्थांतून वऱ्हाडाने गुरांची जागा का उचलली असेल? माझे मत सांगते. आमच्याकडचा कोठा नुसती गुरे बांधायची जागा कधीच नव्हता. एका अंगाला गव्हाण आणि दावण, दुसऱ्या अंगाला कडबा, कुटार, सरकीची ढेप, वर आढ्याला टांगलेले दोर, कोपऱ्यात वखर, डवरे, तिफण. वेचणीच्या दिवसांत कापसाचा ढीगही तिथेच. कापूस वजनाला हलका पण जागेला भारी, त्याला माजघर पुरत नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, मूर्तिजापुरात पुढे जिन उभे राहिले, यवतमाळ आणि अचलपूरकडून शकुंतलेची छोटी गाडी कापूस घेऊन येऊ लागली, तसतसा शेतकऱ्याच्या घरी कोठ्याचा मान वाढत गेला. भाव येईपर्यंत माल कोठ्यात. शेतकऱ्याचे बाहेरचे सगळे धन तिथे, ढोरांसकट. साठवणुकीचीच जागा ती! मग तिला कोठा म्हणणे चूक कसे?

गाडगेबाबांचे लहानपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेले. मामाची गुरे राखणे, त्यांची जागा झाडणे ही कामे त्यांनी केली. चरित्रांत आणि शाळेच्या धड्यांत 'गोठा' छापतात. दापुऱ्यात विचारून पाहा, काय म्हणतात ते.

आता कोठी. ही पूर्णपणे घरातली आणि पूर्णपणे बायांची. गावच्या पांढरीची माती आणायची, तिच्यात कुटार आणि घोड्याची लीद मिसळायची, पायांनी तुडवून चार दिवस मुरू द्यायची. मग एक वेढा घालायचा, तो वाळला की त्यावर दुसरा. असे करत करत उभ्या माणसाच्या छातीपर्यंत, कधी डोक्याच्याही वर. वरून तोंड, त्यावर झाकण, ते मातीने लिंपून बंद. खाली हात जाईल एवढे भोक आणि त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की जवारी आपोआप पडे. जुनी खालून निघायची, नवी वरून पडायची. जवारीत राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. कोठी बांधायला पंधरा-वीस दिवस लागत, कारण घाई केली की चिरते.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. ही कोठी जिथे ठेवायची तिथेच बांधावी लागे. पुरी झाली की ती दारातून निघत नसे. दुसऱ्या खोलीत न्यायची म्हटले तर फोडावीच लागे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आमच्या घरची भाषा याबाबत अगदी स्वच्छ होती. "कोठ्यात ढोरं बांधून ये," असे म्हटले की बाप्यांनी उठायचे, "कोठीतली जवारी काढ," म्हटले की बायांनी. घोळ होतो तो गावाबाहेर पडल्यावर. माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीकडे कोठी म्हणजे खोली. लग्नघरात जिथे रवा, साखर, तूप कुलपात ठेवतात आणि किल्ली एका खमक्या मावशीच्या कमरेला असते, ती कोठीची खोली. हिंदीत कोठी म्हणजे बंगला, नाहीतर सावकाराची पेढी. आणि कोठा म्हणजे... जाऊ द्या. माझ्या मुलाने मुंबईत मित्रांना मोठ्या अभिमानाने सांगितले की गावी आमचा मोठा कोठा आहे. तेव्हा ती पोरे आठवडाभर हसत होती म्हणे.

एकदा शाळेची सहल पन्हाळ्याला नेली होती. तिथल्या अंबरखान्यात धान्य साठवायच्या तीन प्रचंड इमारती आहेत, त्यांना गंगा कोठी, यमुना कोठी, सरस्वती कोठी म्हणतात. नुसत्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. मार्गदर्शकाने "आता आपण गंगा कोठी पाहू" म्हटल्यावर आमची मुले मातीचे एखादे मोठे रांजणासारखे काही असेल म्हणून पुढे घुसली, आणि आत देवळासारख्या कमानी बघून गप्पच झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हे त घर हाय." शिवकाळातल्या बारा महालांत 'कोठी' हा स्वतंत्र महाल होता आणि अठरा कारखान्यांत अंबारखाना होता, हे इतिहासाच्या पुस्तकात ती पाठ करत. पण महालातली कोठी आणि माजघरातली कोठी एकच शब्द आहे, हे तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी कळले. (तसाच आणखी एक गमतीचा शब्द वखार. "इंग्रजांची सुरतेला वखार होती," असे वाचले की आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरून हटकून प्रश्न यायचा, की इंग्रज वखर घेऊन शेतात काय करत होते?)

असो. गावागावांत अर्थ बदलतो यात नवल काही नाही, बळद आणि पेव यांचेही तसेच आहे. मला जी गोष्ट सांगायची आहे ती अर्थाची कमी आणि एका टिंबाची जास्त आहे.

कोठा आणि कोठी बोलताना वेगळे, पण प्रत्यय लागला की फार जवळ येतात. कोठ्याचे सामान्यरूप 'कोठ्या': कोठ्यात, कोठ्याची. कोठीचे अनेकवचनही 'कोठ्या', आणि त्याला प्रत्यय लागला की 'कोठ्यांत', 'कोठ्यांची'. म्हणजे 'कोठ्याची जागा' म्हटले तर ढोरे बांधायची जागा, आणि 'कोठ्यांची जागा' म्हटले तर घराच्या आतली, जिथे जवारीच्या कोठ्या उभ्या आहेत ती खोली. मध्ये फक्त एक अनुस्वार. साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरवले, तेव्हा बरेच जुने अनुस्वार गेले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार राखला. मुलांना वाटते की हा एक जाच आहे. मी मात्र त्यावर कधी सूट दिली नाही.

मोडीत लिहिणाऱ्याला हा जाच नव्हता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, आणि घाईच्या हाताने अनुस्वार तर सहसा पडतोच.

आमच्या माहेरच्या घरात, मूर्तिजापूरपासून चार कोसांवर, १९३४ साली वाटणी झाली. तीन भाऊ होते. धाकटा मूलबाळ नसताना वारला होता. त्याची बायको, माझी लहानी आजी, तेव्हा पंचविशीतही नसेल. उरलेल्या दोघा भावांनी, म्हणजे मोठे आजोबा आणि माझे सख्खे आजोबा यांनी, शेत आणि घर वाटून घेतले. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला वाटा नव्हता, अन्नवस्त्र आणि राहायला जागा एवढाच हक्क. विधवांना मिळकतीत काही हक्क देणारा कायदा १९३७ साली झाला. तोवर वाटणीपत्राची शाई केव्हाच वाळली होती.

लहानी आजी त्यानंतर कोठ्यात राहिली. कोठ्याला आडवी भिंत घालून, ओटा करून, तिला जागा करून दिली होती. पलीकडे बैल, अलीकडे ती. १९६१ साली ती गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते, त्यामुळे ती मला चांगली आठवते. तिच्या लुगड्याला नेहमी शेणाचा आणि कुटाराचा वास असे. वर्षाची जवारी मोजून तिच्या दारात आणून टाकत. तिचे हाल केले असे कोणी म्हणणार नाही, आणि तिनेही कधी म्हटले नाही. घरात सगळे एवढेच सांगत, की वाटणीत तिला कोठा आला.

आणखी एक आठवते. सुगी झाली, नवी जवारी कोठ्यांत पडली, की तोंडे लिंपायला लहानी आजी आत यायची. माजघराला लागून कोठ्यांची अंधारी खोली होती, तिथे चार कोठ्या. त्या चारही तिनेच बांधलेल्या, लग्न होऊन आली त्यानंतरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत. दिवसभर ती एकटी त्या खोलीत पांढऱ्या मातीचा हात फिरवत बसायची. मी एकदा आजीला विचारले, की तू काहून लिंपत नाहीस? आजी म्हणाली, "तिच्या हातच्या हायेत वं. दुसऱ्याचा हात लागला का चिरते." संध्याकाळी लहानी आजी हात धुऊन पुन्हा कोठ्यात निघून जायची.

काही वर्षांपूर्वी जुने घर पाडायचे ठरले तेव्हा चुलतभावाला एका पत्र्याच्या पेटीत ते वाटणीपत्र सापडले. मूळ मोडी, आणि सोबत नंतर कोणीतरी केलेली बाळबोध नक्कल. घरात आजवर जे सांगितले जात होते ते नकलेवरून. लहान्या आजीबद्दलचे वाक्य असे आहे: 'कोठ्याची जागा राहण्यास व त्यातील जवारी पोटास हयातीपर्यंत.'

मी ते वाचले आणि 'जवारी'पाशी थांबले. कोठ्यात कडबा असतो, ढेप असते, कापूस असतो. जवारी कोण ठेवतो कोठ्यात? ढोरांच्या तोंडी पडेल, ओल लागेल. वऱ्हाडातले शेंबडे पोरही सांगेल, की जवारी कोठीत असते.

मूळ कागद अकोल्याच्या एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांना दाखवला. त्यांनी भिंग लावून सगळा वाचला आणि सांगितले, की या लेखकाने पूर्ण कागदात एकही अनुस्वार दिलेला नाही. 'दोघा भावात', 'बैलाच्या जोड्या', सगळे बिनटिंबाचे. तेव्हा 'कोठ्याची'वर टिंब नाही याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. 'त्यातील'चेही तेच, ते 'त्यांतील' असू शकते. नक्कल करणाऱ्याने इमानाने जसेच्या तसे उतरवले, आणि मोडीत न लिहायची ती रीत बाळबोधात येताच वेगळा अर्थ होऊन बसली.

मी दुसऱ्या बाजूनेही विचार करून पाहिला. समजा लिहिणारा बाहेरगावचा होता आणि त्याने 'कोठा' हाच शब्द जुन्या अर्थाने, धान्याची खोली म्हणून वापरला. तरी जागा तीच निघते, माजघराशेजारची. कोठ्या उचलून नेता येत नाहीत, म्हणून त्या जिथे आहेत ती खोली आणि त्यांच्यातले धान्य असे एकत्र लिहून दिले, हे सरळ दिसते. ढोरांचा कोठा हा अर्थ काढायचा तर 'जवारी' हा शब्द वाचायचाच नाही, असे ठरवावे लागते.

मोठ्या घरच्या मंडळींचे म्हणणेही सांगते. कोठ्यांची खोली मोठ्या आजोबांच्या वाट्याच्या मधोमध होती, तिथे वेगळी चूल मांडता आली नसती. कोठ्याकडे मोकळी हवा होती, वेगळे दार होते, आणि लहान्या आजीनेच ते मागून घेतले असेल. असेलही. पण मागून घेतले असते तर कागदावर जवारी कशाला आली असती, याचे उत्तर मला कोणी दिले नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू स्त्रीच्या ताब्यात असलेली, अगदी अन्नवस्त्रापोटी मिळालेली मिळकतसुद्धा तिच्या पूर्ण मालकीची केली. त्यानंतर ती पाच वर्षे जगली. नुसत्या राहण्याच्या जागेला तो कायदा कितपत लागू पडला असता हे वकील सांगतील. तिला मात्र असा काही कायदा झाला आहे हेच कोणी सांगितले नव्हते.

त्या चार कोठ्या मी सासरी असताना फोडल्या. खोलीत फरशी घालायची होती आणि पत्र्याच्या कोठ्या बाजारात मिळू लागल्या होत्या. दारातून निघत नाहीत म्हणून आतच कुदळीने फोडल्या आणि माती पाट्यांनी बाहेर काढली. ती कोठ्याच्या जमिनीत भर म्हणून घातली, असे वहिनीने सांगितले.

आता घराची जागा पुन्हा वाटली जाते आहे. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर कोठ्याची नोंद 'गोठा' म्हणून आहे, आणि तो पडका भाग माझ्या चुलतभावाला 'लहान्या आजीचा वाटा' म्हणून वेगळा दाखवायचा आहे. मी त्याला वाटणीपत्राची नवी बाळबोध प्रत करून पाठवली. 'कोठ्याची' आणि 'त्यातील' या दोन्ही शब्दांवर अनुस्वार कंसात दिला आहे आणि खाली कारण लिहिले आहे. पाठवून तीन आठवडे झाले. फोनवर तो पाऊसपाण्याचे बोलतो, सोयाबीनच्या भावाचे बोलतो. त्या प्रतीबद्दल अजून काही बोललेला नाही.